अर्जाची पहिली ओळ

नवी मुंबईतल्या एका विभाग कार्यालयासमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. कुठल्या विभागाच्या, ते सांगत नाही. समोरच्यांशी रोजचा संबंध, शिवाय त्यांच्यातले निम्मे लोक पासपोर्ट साइज फोटोला माझ्याकडेच येतात. गाळा सासऱ्यांनी घेतलेला. ते माथाडी होते. कांदा-बटाटा मार्केटात गोणी वाहून गुडघे गेले तेव्हा मला म्हणाले, तुझं अक्षर बरं आहे, तू बस इथं. तेव्हा टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे. बाहेरची पाटी मात्र तीच: 'सर्व प्रकारचे अर्ज लिहून मिळतील'. 'सर्व प्रकारचे' हे जरा जास्तच झालं. घटस्फोटाचे मी लिहीत नाही. माणसं चार दिवसांनी जोडीनं येऊन भांडतात, अर्ज का लिहिलास म्हणून.

या धंद्यात भाषेची अडचण कधीच येत नाही. तक्रार लोकांना तोंडपाठ असते, कधी कधी तर दोन पिढ्यांची. अडतं ते पहिल्याच ओळीला. मी 'प्रति' टाइप करते आणि विचारते, कुणाला? उत्तर येतं, "साहेबांना लिहा की ताई." कुठल्या साहेबांना? "मोठ्या."

आता मोठे साहेब या शहरात किती आहेत बघा. सिडको, म्हणजे हे शहर वसवायला काढलेली राज्य सरकारची कंपनी, आली मार्च १९७० मध्ये. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर तिनं हे शहर आखलं. महापालिका सुरू झाली १ जानेवारी १९९२ला. म्हणजे मधली वीस-बावीस वर्षं इथल्या माणसाला सिडको हेच सरकार वाटायचं आणि जुन्या लोकांच्या तोंडी आजही तेच आहे. गटार तुंबलं की आजोबा म्हणतात, सिडकोला लिही. गटार महापालिकेचं आहे. पाणी, कचरा, मालमत्ता कर, गल्लीतला दिवा, सगळं महापालिकेचं. पण ज्या जमिनीवर घर उभं आहे ती बहुतेक ठिकाणी सिडकोनं साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेली, म्हणून घर विकायचं, नावावर करायचं तर सिडकोकडे जावं लागतं. दिवा गल्लीतला असेल तर पालिका, घरातला गेला तर महावितरण. रात्री रसायनाचा वास सुटला तर प्रदूषण नियंत्रण मंडळ. खारफुटीत कुणी डेब्रिज टाकलं तर वन खात्याचा कांदळवन कक्ष. स्टेशनात गाडी उशिरा आली तर रेल्वे, आणि स्टेशनच्या इमारतीतल्या गाळ्याचं काही असेल तर परत सिडको.

बेलापूरच्या पुढं गेलं की चित्र अजून बदलतं. खारघर, कामोठे, कळंबोली हे सगळे स्वतःला नवी मुंबईकर म्हणवतात, आणि आहेतही. पण त्यांची महापालिका पनवेलची, तीही ऑक्टोबर २०१६ पासूनची. त्यांचा जिल्हा रायगड, जिल्हाधिकारी अलिबागला. त्यांचा खासदार मावळ मतदारसंघाचा, म्हणजे घाट चढून पार पिंपरी-चिंचवडपर्यंतच्या मतदारांबरोबर वाटून घेतलेला. आमचा खासदार ठाण्याचा आणि जिल्हाधिकारीही ठाण्यालाच. पोलीस आयुक्त मात्र दोघांचे एकच. खारघरची एक मुलगी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ठाण्याच्या तहसीलदारांच्या नावे अर्ज करून मागायला लागली, तेव्हा तिला पनवेलची गाडी दाखवताना मलाच वाईट वाटलं. शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद असा एकावर एक जिना होता. इथं जिना नाही, सगळी दारं एकाच मजल्यावर आहेत.

हे सगळ्यात जास्त टोचतं ते घरात माणूस गेल्यावर. परवाच सेक्टरातला एक मुलगा आला होता, वडील जाऊन महिनाही झाला नव्हता. हातात मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्सचा गठ्ठा. कुणीतरी सांगितलं होतं, दहा काढून ठेव. दाखला महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीतून मिळालेला, तो वेळेत मिळाला कारण हॉस्पिटलनं नोंद केली होती. घरी मृत्यू झाला असता तर नोंद घरच्यांनी २१ दिवसांच्या आत करायची असते. उशीर झाला तर आधी विलंब शुल्क, मग परवानगी, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. या मुलाला वाटत होतं, एक अर्ज केला की घर आईच्या नावावर. मी त्याला स्टुलावर बसवलं, चहा सांगितला आणि कागदावर ओळीनं लिहून दिलं. सोसायटीच्या सेक्रेटरींना एक अर्ज, भागपत्रावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, आईचं नाव लावायला, नॉमिनेशन असेल तर त्याची प्रत जोडून. सिडकोच्या वसाहत विभागाला एक, वारसांच्या कागदपत्रांसह. महापालिकेच्या मालमत्ता कर विभागाला एक. महावितरणला एक, बिलावरचं नाव बदलायला. पाणीबिल सोसायटीचं होतं म्हणून पाचवा वाचला. तो नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "एकाला कळवलं की दुसऱ्याला कळत नाही का, ताई?" नाही कळत. हे घर चार रजिस्टरांत आहे आणि चारही रजिस्टरं एकमेकांशी बोलत नाहीत. यावर मी स्वतः बऱ्याच जणांजवळ बडबडले आहे. पण ते होईपर्यंत चार अर्ज लिहावेच लागतात.

समोर आलेलं काम मी मनातल्या मनात दोन ढिगांत टाकते. एक हक्काचं, एक मागणीचं. पुढचं सगळं यावर ठरतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दाखला, नोंद, नळजोडणी, करपावतीवरचं नाव ही हक्काची कामं. तुम्ही पात्र आहात, कागद पूर्ण आहेत, फी भरली, की ते काम ठरलेल्या दिवसांत झालं पाहिजे. यासाठी महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. कुठली सेवा, कोण अधिकारी देणार, किती दिवसांत, हे कार्यालयात फलकावर लावावं लागतं. दिवस उलटले तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, मग दुसरं, आणि तरी नाही झालं तर लोकसेवा हक्क आयोग. सबळ कारणाशिवाय उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. फलक बहुतेक ठिकाणी असतो, फक्त त्याच्यापुढं कपाट ठेवलेलं असतं.

आणि इथंच आमची माणसं गडबडतात. हक्काच्या कामाला नगरसेवकाचं पत्र घेऊन जातात. लेटरहेड, 'शिफारस करण्यात येत आहे', खाली झोकदार सही. जन्मदाखल्याला शिफारस कशाची? मूल जन्मलं आहे, याला कुणाची शिफारस लागते का? काम लवकर होतं म्हणतात. होतही असेल. पण जे तुमचं देणं होतं ते तुम्ही स्वतःच्या हातानं मेहेरबानी करून घेतलं आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत तिचं ओझं वाहायचं. शिवाय मागच्या बाईकडे पत्र नसतं, तिचा कागद खाली जातो. असे अर्ज मी टाइप करते, पण तोंड वाकडं करूनच. तीच गोष्ट साक्षांकित प्रतींची. २०१५ पासून शासनानं स्वतःच्या सहीनं प्रती साक्षांकित करायची मुभा दिली आहे, तरी लोक 'ट्रू कॉपी'च्या शिक्क्यासाठी मास्तर शोधत फिरतात.

दुसरा ढीग मागणीचा. गतिरोधक, बागेतली बाकडी, बसथांब्याला छप्पर, गल्लीत नवीन दिवे, नाल्यावर जाळी. हे तुमचं रास्त मागणं आहे, पण ते कुठल्या तारखेच्या आत द्यायलाच हवं असं कुठं लिहिलेलं नाही. त्याला पैसे लागतात, पैशाला अंदाजपत्रक लागतं. इथं मात्र नगरसेवक हवा, त्याचं कामच ते. इथं एकट्याचा अर्ज चालत नाही, सोसायटीच्या ठरावाची प्रत जोडा, सह्यांची पानं जोडा, खांबावर रंगवलेला नंबर लिहा, नाल्याची जागा दाखवणारा फोटो लावा. आणि वेळ बघा. आर्थिक वर्ष १ एप्रिलला लागतं. आयुक्त अंदाजपत्रक तयार करतात, ते स्थायी समितीपुढं जातं, तिथून महासभेपुढं, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेपुढं. फेब्रुवारी-मार्चात हे सगळं चालू असतं. म्हणजे नवीन कामाची मागणी दिवाळीनंतर लगेच गेलेली बरी. लोक येतात जूनमध्ये, पहिला पाऊस पडून पाणी घरात शिरल्यावर.

मागणी कुणाकडे करायची, यातही घोळ. पत्र महापौरांना लिहा म्हणतात, कारण पेपरात फोटो त्यांचा. महापौर लग्नातल्या मामासारखे असतात, मान पहिला, पण तिजोरीची किल्ली त्यांच्या कनवटीला नाही. ते अडीच वर्षं महासभेच्या अध्यक्षपदी असतात. कारभार चालवायचा अधिकार कायद्यानं आयुक्तांकडे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. खर्चाच्या मोठ्या नाड्या सोळा जणांच्या स्थायी समितीच्या हातात. यांच्यातली ओढाताण नवी मुंबईनं २०१६ मध्ये उघड्या डोळ्यांनी पाहिली आहे. तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर महासभेनं मोठ्या बहुमतानं अविश्वास ठराव मंजूर केला. तरी ते लगेच गेले नाहीत. पुढच्या मार्चमध्ये बदली झाली, ती राज्य सरकारनं केली. त्या दिवसांत दुकानात दोन तट पडले होते. मुंढे बरोबर की नगरसेवक, यावर चहाच्या पैजा लागत. मला त्यात कोण बरोबर यापेक्षा हे महत्त्वाचं वाटलं की शहरानं निवडलेली सभा एकीकडे, मुंबईतलं मंत्रालय दुसरीकडे, आणि आयुक्तांच्या खुर्चीची दोरी मंत्रालयात. त्यानंतर मी 'मा. महापौर' असं फक्त प्रतिलिपीच्या ओळीत टाकते.

मग तर सभाच राहिली नाही. २०१५ला निवडून आलेल्यांची मुदत मे २०२०मध्ये संपली. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागरचना एकदा अशी एकदा तशी. राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीनं महापालिकेची मुदत पाच वर्षं ठरवली आहे, आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक व्हायला हवी असंही त्यातच आहे. इथं मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ला, तेही सर्वोच्च न्यायालयानं तारखेची मर्यादा घालून दिल्यावर. साडेपाच वर्षांहून जास्त काळ सगळा कारभार प्रशासकाकडे. एका माणसाच्या सहीत आयुक्त, स्थायी समिती आणि महासभा.

त्या काळात माझा धंदा वाढला, हे सांगायला संकोच कशाला. आधी लोक नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन तोंडी सांगून मोकळे व्हायचे. तो फोन लावायचा, काम झालं तर झालं. आता फोन लावायला कुणी नाही म्हटल्यावर माणसं लिहायला लागली. सोसायट्यांच्या बायका तर विशेष. चार-चार जणी यायच्या, एक सांगायची, दुसरी दुरुस्त करायची, तिसरी मोबाइलमधले फोटो दाखवायची. सुरुवातीला माझ्याकडून लिहून न्यायच्या, मग स्वतः लिहून फक्त टाइप करायला आणायला लागल्या, मग टाइपही घरीच आणि माझ्याकडे नुसती प्रिंट. आता नगरसेवक आले आहेत आणि त्याच बायकांपैकी काही परत लेटरहेडच्या रांगेत दिसतात. सभा हवी होती, ती आली हे चांगलंच. पण लिहिण्याची लागलेली सवय का सोडायची, हे मला कळत नाही.

मतदानाच्या आधीचे आठ दिवस दुकानात एकच प्रश्न होता. २०१५ला एका प्रभागातून एक नगरसेवक होता. या वेळी २८ प्रभाग, त्यातल्या २७ मध्ये चार-चार जागा आणि एकात तीन, मिळून १११. शेजारच्या ठाण्यात १३१, पद्धत तीच. गावठाणातल्या एक आजी चिठ्ठी घेऊन आल्या, म्हणाल्या, "चारदा बोट दाबायचं म्हणजे चौघांना फसवायचं का गं?" मी त्यांना वहीच्या पानावर काढून दाखवलं. अ जागेची पत्रिका पांढरी, ब फिकी गुलाबी, क फिकी पिवळी, ड फिकी निळी. प्रत्येक रंगात एक बटण. एखाद्या रंगात कुणीच पसंत नसेल तर त्याच रंगातलं शेवटचं 'वरीलपैकी कोणीही नाही'. चारही दाबून झाल्याशिवाय लांब शिट्टी वाजत नाही, म्हणून मध्येच उठून यायचं नाही. आजींनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "नि गटार तुंबलं तर चौघांतला कुठला?" चौघंही. याचं उत्तर म्हणून माझ्याकडे एवढंच होतं, आणि खरं सांगायचं तर आता रोजच्या कामात हीच पंचाईत आहे. अर्जावर चार नावं टाकावी लागतात, नाहीतर ज्याचं राहिलं तो रुसतो, आणि चार टाकली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. एक प्रभाग, एक नगरसेवक हेच बरं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबईला ते ठेवलं, आम्हाला का नाही?

यादीत नाव नसलेले लोकही याच दिवसांत उगवतात, तेही महापालिकेला शिव्या देत. महापालिकेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. लोकसभा-विधानसभा घेतो तो भारत निवडणूक आयोग, वेगळा. पण यादी एकच, विधानसभेची, तीच प्रभागवार फोडून वापरतात. या वेळी १ जुलै २०२५ची यादी धरली होती. तिच्यात नाव नसेल तर राज्य आयोग ते नव्यानं घालू शकत नाही. म्हणून नाव घालायचा नमुना ६ भरायचा तो निवडणूक नसताना. अठरा पूर्ण व्हायची तारीख आता वर्षातून चारदा धरतात, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची एक तारीख. आमच्याकडे दुसराच रोग. माथाडींच्या घरात निम्म्यांची नावं साताऱ्याकडच्या गावातही आणि इथंही. गावच्या सरपंचपदाला भाऊ उभा, मग तिकडचं कसं काढायचं? दोन ठिकाणी नाव ठेवणं बेकायदा आहे, आणि खोटं लिहून दिलं तर शिक्षाही आहे. मी नाव काढायचा नमुना ७ पुढं करते, तो घेऊन जातात आणि भरत नाहीत.

गावाचा विषय निघालाच आहे तर. पाटणकडचे एक म्हातारबा, मुलाकडे राहायला आलेले, रोज पेपर वाचायला दुकानात बसायचे. एकदा म्हणाले, "पोरी, हितं ग्रामसभा कवा असती?" गावाकडं माणूस वर्षातून चार वेळा तरी उठून सरपंचाला विचारू शकतो, पैसे कुठं गेले. तिथं तो मतदार म्हणून सभेचा सभासदच असतो, घटनेतच आहे ते. इथं लाखोंच्या वस्तीत तसं उठून विचारायची जागा कुठं? कायद्यात आहे. घटनेत तीन लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या सांगितल्या आहेत. महाराष्ट्रानं २००९ मध्ये महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभा घातली, म्हणजे मतदान केंद्रांच्या आसपासच्या मतदारांनी एकत्र बसायचं आणि नगरसेवकानं ती सभा घ्यायची. आमच्या सेक्टरात ती भरल्याची नोटीस झेरॉक्सला अजून माझ्याकडे आलेली नाही, आणि या भागातली नोटीस माझ्या मशीनवरून गेली नाही असं सहसा होत नाही. गंमत म्हणजे ज्या गावांवर हे शहर उभं आहे त्यांच्या ग्रामपंचायती होत्याच. गावठाणातले जुने लोक अजून सांगतात, पंचायत होती तेव्हा देवळात बसून सदस्याला धारेवर धरायचो. म्हातारबांना मी हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, मग तुम्हा शहरवाल्यांपेक्षा आम्हीच शाने. नवे नगरसेवक आले आहेत, तर क्षेत्रसभा कधी घेणार, असा एका ओळीचा अर्ज चौघांनाही द्यायला हरकत नाही. तो मी फुकट टाइप करून देईन.

माहितीच्या अधिकाराचे अर्ज हा माझा आवडता प्रकार, आणि इथं पहिल्या ओळीची भीती सगळ्यात कमी. 'प्रति, जन माहिती अधिकारी' लिहायचं आणि कार्यालयाचं नाव. समजा कार्यालयच चुकलं, तरी त्यांनी अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा, असं कलम ६(३) सांगतं. हेच इतर अर्जांना लावलं असतं तर माझं निम्मं दुकान बंद झालं असतं. याच कलमात आणखी एक गोष्ट आहे: ज्याला लिहिता येत नाही त्याचं तोंडी म्हणणं लिहून घ्यायला अधिकाऱ्यानंच मदत करायची. म्हणजे माझं काम खरं तर त्यांचं आहे. समोर कधी बोलले नाही, आज इथं लिहिते.

अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. माहिती कशाला हवी, हे सांगायचं नाही, विचारलं तरी नाही. महाराष्ट्रात एक अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत. ही अट मला पहिल्यांदा जाचक वाटली होती, आता वाटत नाही, कारण लोक काय लिहून आणतात ते मी बघते. एका सोसायटीचे सेक्रेटरी तीन पानं घेऊन आले होते. सोसायटीपुढचा रस्ता नवा केला आणि एका पावसात त्याची खडी वर आली. कुठल्या यंत्रणेचा रस्ता, ते नको. त्यांनी लिहिलं होतं: हा भ्रष्टाचार का चालू आहे, जबाबदार कोण, कारवाई कधी करणार. मी म्हटलं, काका, 'का' विचारलं की उत्तर येतं, 'सदर माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही'. आणि ते खरंच असतं. भ्रष्टाचार का केला, हे कुणी फायलीत लिहून ठेवत नाही. फायलीत काय असतं ते मागा. मग आम्ही लिहिलं: अमुक सेक्टर, अमुक भूखंडापासून अमुक चौकापर्यंतच्या रस्त्याच्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, अंतिम देयक, साहित्य तपासणीचे अहवाल, आणि दोष दायित्व कालावधी दाखवणारं करारातलं पान, या सर्वांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. शेवटी एक ओळ: मूळ फाइलची प्रत्यक्ष पाहणी करायची आहे. कायद्यात कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क आहे. नमुना राहू दे म्हणाले काका, खडी रोज चपलेत येते.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही. ते बऱ्याचदा येत नाही, मग पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे. तिथंही नाही झालं तर नव्वद दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. ते आपल्याच बेलापूरला कोकण भवनात आहे, पण तारीख मिळायला वाट पाहावी लागते. काकांचं पहिल्या अपिलातच झालं. पानाला दोन रुपये भरून प्रती आल्या आणि त्यात हवं होतं ते पान होतं. दोष दायित्व कालावधी संपायला अजून वेळ होता. म्हणजे रस्ता ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा. मग दुसरा अर्ज, प्रति कार्यकारी अभियंता, त्या पानाची प्रत जोडून. या अर्जात एकही विशेषण नव्हतं. डांबराची गाडी आली तेव्हा काकांनी पाण्याच्या बाटल्या वाटल्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर फोटो.

कुठलाही अर्ज असो, दोन प्रती काढा. दुसरी प्रत तुमची, तिच्यावर आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "ठेवून जा, साहेबांना देतो" असं एका कचेरीत शिपायानं सांगितलं म्हणून ठेवून आलेल्या एका वहिनींचा अर्ज पुढं कुणालाच सापडला नाही. त्यांच्याकडे पोच नव्हती, त्यामुळे अर्ज दिला होता हेच सिद्ध होईना. अपिलाचे दिवस याच शिक्क्यावरून मोजतात. शिक्का द्यायला नाही म्हणाले तर वाद घालू नका, स्पीड पोस्टनं पाठवा.

आणि कुठंच दाद लागली नाही तर लोकशाही दिन आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, महापालिकेत आणि जिल्हाधिकारी कार्यालयातही. सुट्टी आली तर पुढचा कामाचा दिवस. अर्ज ठरलेल्या नमुन्यात, पंधरा दिवस आधी द्यायचा, तक्रार स्वतःची आणि वैयक्तिक असावी लागते. कोर्टात चालू असलेलं प्रकरण, माहिती अधिकारातलं प्रकरण, नोकरीविषयक गाऱ्हाणं, ज्याचं अंतिम उत्तर आधीच दिलं आहे ते, यातलं काही घेत नाहीत. आधी केलेल्या अर्जांच्या पोचा जोडाव्या लागतात, आणि त्या घरी विसरून आलेले लोक माझ्याकडे येऊन विचारतात, ताई, तुमच्या कॉम्प्युटरात असेल ना? अर्ज असतो, शिक्का नसतो. नमुना माझ्याकडे आहे, प्रिंटचे पाच रुपये. पहिल्या सोमवारी दुकान साडेआठलाच उघडते.